शांतवन सरांचा समुद्र

आमच्या शेवगावात समुद्र होता, शाळेच्या आवारात. दर हिवाळ्यात शांतवन सर वाळूवर बोटानं कोकणचा किनारा ओढायचे, पलीकडे निळीचं पाणी ओतायचे आणि म्हणायचे, "हे हर्णै, ही रत्नागिरी, हा विजयदुर्ग." पाच मिनिटांत पाणी जिरून जायचं. आमच्या गावची जमीनच तसली, तहानलेली मेली! पण तेवढ्या वेळात सर भरती-ओहोटी अशी काही रंगवायचे, की मागच्या बाकावरचा घोडेगावचा बन्सीही आ वासून ऐकायचा.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात. "विजीच्या जिभेला हाड नाही," असं आई उठता-बसता म्हणायची, आणि खोटं बोलायची नाही.

सेहेचाळीस सालच्या डिसेंबरात सरांनी आमची सहल काढली. एकतीस पोरंपोरी, नगरपर्यंत मोटार, तिथून रेल्वेनं मुंबई आणि मुंबईहून थेट आगबोट! कोकणातली जुनी बंदरं आणि किल्ले बघायचे होते. सहलीसाठी म्हणून घरोघरी नव्या चपला आल्या होत्या. माझ्या लाल गोंड्याच्या होत्या. सांगायला लाज कसली, पहिले दोन दिवस मी माझ्या पायांशिवाय काही बघितलंच नाही.

रात्रीच्या अंधारातच आम्ही बोटीवर चढलो होतो. पहाटे मला जाग आली. डेकवर सगळी एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपली होती. खाली इंजिन घरघरत होतं आणि आभाळ कुठं संपतं, पाणी कुठं सुरू होतं, काही म्हणता काही कळत नव्हतं. सगळंच राखाडी, मऊ, हलतं. मी जागी आहे की नाही तेच मला नक्की समजेना. कठड्याशी सर एकटे उभे होते.

"सर, झोपला नाहीत?"

त्यांनी वळून पाहिलं. "विजया, कुणाला बोलू नकोस. मी समुद्र आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय."

"अगं बाई! मग आम्ही तीन वर्षं पाठ केलं ते?" बोलून गेले आणि जीभ चावली.

सर रागावले नाहीत. "तेच तर म्हणतोय. आमच्या बायबलातल्या दहा आज्ञांत एक आहे, खोटी साक्ष देऊ नको. न पाहिलेल्याची साक्ष मी एकोणीस वर्षं वर्गावर्गात देत आलोय. यातलं एक जरी चुकीचं निघालं ना, तर पुन्हा खडू हातात धरणार नाही."

थट्टेचा सूर नव्हता तो. सरांशिवाय शाळा म्हणजे काय, नुसत्या चार भिंती.

सकाळी हर्णै आलं. बोट किनाऱ्याला लागेल म्हणून बन्सी वळकटी घेऊन तयार, तर ती आपली खोल पाण्यातच थांबली. होड्यांतून आम्हाला उतरवलं. वाळू अशी लांबच लांब, ओली, चकचकीत, आणि तिच्यात आभाळ उतरलेलं. चालताना पाय ढगांवर पडत होते.

आता आमच्याकडची रीत. गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, पाय घालायचा तर चपला काठावर काढायच्या, हात जोडायचे. आणि काठावरची चप्पल संध्याकाळी काठावरच सापडते. पूर आला तर गोष्ट वेगळी, पण डिसेंबरात कुठला आलाय पूर! सर ख्रिस्ती असले तरी मूळचे गंगाकाठचेच. "रांगेत ठेवा रे," ते म्हणाले. पाण्यापासून वीस पावलांवर आम्ही एकतीस जोड ओळीनं मांडले. शेवटी सरांचे बूट.

मग पाण्यात पाय भिजवले, तसेच अनवाणी कनकदुर्ग चढलो. तिथून समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसत होता, उन्हात तरंगत असल्यासारखा. जुनी आरमारं, तोफा, गलबतं, सर सांगत होते आणि आम्ही अर्धवट झोपेत असल्यासारखे ऐकत होतो. खाली उतरलो तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते.

"सर, आवं सर!" बन्सी ओरडला. "चपला न्हाईत! आन वाळू बी न्हाई!"

वाळूच्या जागी समुद्र होता. दूरवर माझा लाल गोंडा एकदा दिसला आणि गेला. बांधावर मासळी वाळत घालणारी एक बाई पोट धरून हसायला लागली. "मास्तर, भरती कधी बघितली नाय काय तुमी?"

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "मुलांनो, मी समुद्र कधीच पाहिला नव्हता. ज्याला भरती ओळखता येत नाही, त्यानं तुम्हाला ती शिकवू नये. मी चुकलो."

मला सरांचा राग आला, त्या बाईचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

"सर," मी म्हणाले, "भरती-ओहोटीच्या प्रश्नाला मला दहापैकी दहा आहेत. माझ्याही चपला गेल्याच की! शिकवलं तुम्ही बरोबरच, डोकं आम्ही सगळ्यांनीच घरी ठेवलं."

बन्सी फिस्सकन हसला. "सव्वासा तासांत पानी पार उतरतं, तुमीच सांगितलंय. बसून बगू की!"

पाणी चढायचं थांबलं तशी सरांनी कडेला आपली छत्री रोवली, खिशातलं घड्याळ काढलं आणि तिथंच बसले. आम्हीही बसलो. त्या बाईनं आम्हाला शहाळी आणून दिली. दुपार सरली. पाणी आलं तसंच, कुणाला न सांगता, मागे सरकत गेलं. कुणी झोपलं, कुणी शिंपले वेचले. सर पापणी न हलवता बघत होते.

तिन्हीसांजेला छत्रीपासून पाणी पार लांब गेलं होतं. मग ते एका जागी थबकलं, आणि एक बारीकशी लाट आधीच्या रेघेपुढं येऊन गेली. ओहोटी संपली होती. सरांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

"सहा तास चौदा मिनिटं." त्यांनी घड्याळ आमच्यापुढं धरलं. "खरं आहे रे. पोरांनो, खरं आहे सगळं. मी तुम्हाला खोटं नव्हतं सांगितलं."