आरशासारखी

पॉलिनला खोटं बोलता येत नाही, हे अख्ख्या निर्मळ गावाला ठाऊक होतं. शेजारणीने हौसेने नवी साडी दाखवावी आणि हिने "भडक आहे गं" म्हणून मोकळं व्हावं. प्रवचन लांबलं तर मिस्सा संपल्यावर ही खुद्द फादरांनाच गाठून तसं सांगायची. आणि अशी ही बाई गेलं वर्षभर रोज संध्याकाळी आपल्या नवऱ्याशी धडधडीत खोटं बोलत होती, तेही एका जुन्या फियाटवरून. आता बोला!

फियाट गॉडफ्रेची. बँकेत नोकरी लागल्यावर त्याने कोरी करकरीत घेतलेली, आकाशी रंगाची. त्या रंगावर नव्या रंगाचा हात कधी लागला नाही. गावातल्या निम्म्या नवऱ्या त्या गाडीत बसून चर्चला गेल्या, आणि त्यातली पहिली पॉलिन. दर रविवारी मिस्साहून आलं की गॉडफ्रे बनियनवर गाडीपुढे उकिडवा बसायचा आणि जेवणाची हाक येईपर्यंत तिला पुसायचा. "माझी सवत आहे ती," पॉलिन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "तिला रोज न्हाऊमाखू, आणि मला विचारतो कोण?"

मग गॉडफ्रेच्या कमरेचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, अशी डॉक्टरांनी तंबी दिली. "पॉलिन, गाडीकडे बघ हं," एवढंच तो म्हणाला. त्याच वर्षी वादळात गाडीवरच्या छपराचे पत्रे उडाले आणि गाडी बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठी उघड्या उन्हात आली. सुरुवातीला पॉलिनने मन लावून पुसली. पण हिचे गुडघे! बसलं की उठता येईना, उठलं की चालता येईना. हे बोलायचं कोणाला? तो बिचारा पट्टा बांधून ओटीवर बसलेला, त्याच्यापुढे आपलं रडगाणं कशाला? पुसणं आज राहिलं, उद्या राहिलं, आणि गाडीवर राखाडी थर चढत गेला.

संध्याकाळी ओटीवरून हाक यायची, "पॉलिन, गाडी कशी आहे गं?"

"आरशासारखी!" ही स्वयंपाकघरातून.

"आणि तुझे गुडघे?"

"ठणठणीत!"

ऐकून तो गप्प बसायचा. पॉलिनला वाटायचं, बरं झालं, समाधान झालं माणसाचं.

पुढे पुढे मात्र गॉडफ्रेचं काहीतरी बिनसलं. कंबर सुधारली, पट्टा सुटला, तरी हा गाडीजवळ फिरकेना. चावी कपाटात टाकली. घरात भिंतीला हात लावून चालू लागला. पेपर नुसता मांडीवर धरून बसायचा. विचारलं तर म्हणे, "कंटाळा आलाय." शेवटी विरारहून त्यांच्या मुलीने, जीनाने, फोनवर आईला झापलं, तेव्हा पॉलिनने त्याला वसईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी दिवे मारून, अक्षरं वाचायला लावून सगळं तपासलं. "मोतीबिंदूची जराशी सुरुवात आहे, पण ऑपरेशनची काही गरज नाही. नंबर बदललाय, नवा चष्मा करा. दिवसा गाडीसुद्धा चालवा बिनधास्त."

गॉडफ्रे खुर्चीतून उठेना. "डॉक्टर, मला खरं काय ते सांगा. माझी आकाशी गाडी मला राखेसारखी दिसते. सकाळी, दुपारी, कधीही बघा. आणि ही माझी बायको म्हणते आरशासारखी आहे. ही कधी खोटं बोलत नाही, साऱ्या गावाला विचारा."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पॉलिनकडे पाहिलं. पॉलिनने नजर खाली वळवली आणि पर्सची चेन उगाच उघडून लावली. ज्या माणसाने आत्ता भर दवाखान्यात आपल्या खरेपणाची ग्वाही दिली, त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने बोलायचं? डॉक्टर बुचकळ्यात पडले. म्हणाले, चष्मा लावून तर बघा, नाहीतर मुंबईला मोठ्या तपासणीला पाठवू.

परतताना रिक्षात गॉडफ्रेने हळूच तिचा हात धरला. "तुला सांगितलं नाही मी. उगाच घाबरशील म्हणून. हल्ली तू बाजारात गेलीस की मी डोळे मिटून घरभर फिरतो. काल विहिरीपर्यंत गेलो. जमतं गं. सवय झाली की जमेल सगळं."

देवा जेजू! भिंतीला हात लावून चालणं ते हे होतं. धडधाकट डोळ्यांचा माणूस गुपचूप आंधळं व्हायची तयारी करत होता, आणि का, तर आपल्या एका शब्दावर विश्वास ठेवून. पॉलिनने पदराने तोंड झाकलं आणि डोळ्यात धूळ गेली म्हणून सांगितलं. आणखी एक खोटं.

त्या संध्याकाळी तिने ठरवलं. खरं सांगायची छाती नाही ना? मग खोटं बोलले ते खरं करून दाखवायचं. गाडी खरंच आरशासारखी झाली की ह्याचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेल, आणि आपली अब्रूही झाकलेली राहील. चष्मा तयार होईपर्यंत तिने गॉडफ्रेला जीनाकडे विरारला धाडलं आणि आगाशीला सॅन्टनला फोन लावला. सॅन्टन गॉडफ्रेचा मावसभाऊ, त्याचं तिथे गॅरेज होतं.

सॅन्टनने येऊन बॉनेटवर बोट ओढलं. बोटाला पांढुरकी भुकटी लागली, उन्हाने जळलेल्या रंगाची. "मशीन लावू का वहिनी? पण जुना रंग आहे, पातळ झालेला. मशीनने उडाला तर गेला कायमचा."

"मग?"

"मग हाताने. धुऊन हे तेलकट पॉलिश चोपडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी मऊ कापडाने चोळायचं. जमेल तुला? महिनाभर थांबलीस तर मीच करतो."

"महिनाभर थांबायला वेळ कुणाला आहे?" पॉलिन फणकारली. "तू बॅटरी बघ."

त्याच संध्याकाळी तिने गाडी धुऊन पॉलिश चोपडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन गाडीपुढे बसली. गॉडफ्रेच्या जुन्या बनियनचा बोळा केला आणि चोळायला घेतलं. पाहते तर बोळा निळाशार! तशीच निळ्या हातांनी सॅन्टनला फोन. "अरे मेल्या, रंग निघतोय सगळा!"

"निघू दे वहिनी, वरचा मेलेला रंग आहे तो. फक्त कडांवर जोर देऊ नको."

जोर न देता चोळायचं, म्हणजे बाळाला तेल लावल्यासारखं, हे तिला समजलं. हातभर जागा घ्यायची, ती झाली की स्टूल सरकवायचं. गुडघे आतून करवतीने कापल्यासारखे दुखत होते. "गप्प बसा रे," ती त्यांना दटावत होती. आणि मग बॉनेटवर एका जागी तो रंग वर आला. तोच. लग्नाच्या दिवशी ह्या रंगात तिने आपला डोक्यावरचा जाळीचा वेल वाकून नीट केला होता, आणि गॉडफ्रे हसला होता. आता त्यात मागच्या पोफळी दिसल्या आणि पांढऱ्या केसांची एक म्हातारी दिसली. पॉलिनला रडूच आलं. "सवत कसली, माझी बहीण आहेस तू," ती गाडीला म्हणाली आणि बोळा पालटून पुन्हा कामाला लागली.

शेवटचं दार वॅक्स लावून पुसलं त्याच्या दुसऱ्या सकाळी जीना गॉडफ्रेला फाटकाशी सोडून तशीच ऑफिसला गेली. गाडीवर ताडपत्री होती. चष्मा अजून डबीतच होता.

"लावला नाहीत?"

"भीती वाटते गं. लावला आणि तरी राखच दिसली तर?"

पॉलिनने त्याला ओटीवर बसवलं, चष्मा स्वतःच्या हाताने त्याच्या नाकावर ठेवला आणि जाऊन ताडपत्री ओढली.

गॉडफ्रे उभा राहिला. कशालाही हात न लावता पायऱ्या उतरला, अंगण ओलांडलं आणि गाडीसमोर येऊन थांबला. "निळी," तो म्हणाला. "पॉलिन, निळी आहे गं!" आणि लहान पोरासारखा रडायला लागला. पॉलिनचा जीव भांड्यात पडला.

मग डोळे पुसायला त्याने चष्मा काढला. डोळे पुसले. वर पाहिलं. चष्मा हातातच होता.

"आताही निळीच दिसतेय," तो हळूच म्हणाला.

पॉलिनने हात पदराखाली घेतले, पण उशीर झाला होता. त्याने तिचा हात ओढून घेतला. नखांच्या कडा आकाशी झाल्या होत्या, घासूनही रंग निघाला नव्हता. आता लपवायला काही उरलंच नाही. पत्रे उडाले, ऊन लागलं, पुसणं राहिलं, सगळं ती भडाभडा बोलून गेली. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हो..."

"पॉलिन, वर्षभर मला भीतीने झोप नव्हती," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून तिला जास्तच लागलं. ती मान खाली घालून उभी राहिली.

तिचा हात न सोडता त्याने विचारलं, "आणि गुडघे?"

"गुडघे ना, ते ठण..." ती थांबली. त्याच्याकडे पाहिलं. "दुखतात," ती म्हणाली. "फार दुखतात. वर्ष झालं. रात्री कूस बदलता येत नाही मला."

गॉडफ्रे आत गेला. कपाटाचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता आणि हातात चावी. त्याने गाडीचं दार उघडून धरलं, लग्नाच्या दिवशी धरलं होतं तसं.

"बस. डॉक्टरकडे जायचंय."

"आत्ता? अहो, चहा तरी..."

"बस म्हटलं ना."

ती दाराला धरून, कण्हत, पहिल्यांदाच मोकळेपणाने कण्हत आत बसली. सॅन्टनने बॅटरी नीट केली होती, गाडी दुसऱ्या झटक्यात सुरू झाली. केळीच्या वाड्या मागे पडल्या, देवळाजवळचं वळण आलं, गॉडफ्रेने ते सांभाळून घेतलं. मग समोर बघतच विचारलं, "कशी चालवतोय?"

"खरं सांगू?"

"खरंच सांग."

"मघाशी सायकलवाला पुढे गेला आपल्या," पॉलिन म्हणाली.

गॉडफ्रे इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली.