चारचा पीई

काकांना शेअरबाजारातल्या पीईचा नाद लागला आणि लॉन्ड्रीत कुणाच्याच कपड्यांना वेळेवर इस्त्री होईना. पूर्वी गिऱ्हाईक आलं की ते आधी डाग बघायचे. आता आधी मोबाइल दाखवायचे.

"शेअरची किंमत भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा. संपलं!" कोट न्यायला आलेल्या मास्तरांना ते सांगत होते. "ही कंपनी बघा. शेअर दोनशेला, नफा पन्नास. पीई चार! याच धंद्यातल्या बाकीच्या कंपन्यांचा वीसच्या आसपास. फुकटच की हो!"

"माझा कोट?" मास्तर म्हणाले.

"देते, देते!" काकू आतून ओरडल्या. बॉयलरचा जोड पुन्हा गळत होता. इस्त्रीपर्यंत पोचेतो वाफेचा नुसता सुस्कारा उरायचा. एकेका बाहीवर तीनतीनदा हात फिरवावा लागे. नवा बॉयलर घ्या, नाहीतर दुकानाला कुलूप लावा, असं मेकॅनिकने बजावलं होतं. त्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांवरच काकांचा डोळा होता.

मास्तर कोट घेऊन सुटले. काकूंनी हात पुसले.

"आणा तो मोबाइल. मागच्या वर्षी नफा किती होता यांचा?"

"मागचं कशाला उकरतेस?"

"अहो, सरकवा म्हणते ना!"

काकांनी बोट सरकवलं. "पाच."

"आणि यंदा एकदम पन्नास? असं काय केलं यांनी?"

काका खालची बारीक अक्षरं वाचू लागले आणि त्यांचा आवाजही तसाच बारीक झाला. "जुन्या कारखान्याची जागा विकली."

काकूंनी कपाळाला हात लावला. "आपण मागची खोली विकली, त्या वर्षी आपली कमाई केवढी दिसत होती?"

"भरपूर. हिशेबनीस पार्टी मागत होता."

"आणि कपडे किती धुतले?"

"नेहमीइतकेच. जरा कमीच."

"मग त्या कमाईवर भुलून कुणी आपलं दुकान घेतलं असतं तर? पुढल्या वर्षी त्याच्यासाठी कुठली खोली विकणार होतो आपण?"

काका मनातल्या मनात भागाकार करत राहिले. "जागा सोडली तर नफा पाचच. म्हणजे पीई चाळीस."

"सुटलो बाई. घेतले नाहीत ते बरं."

काका हँगर सरळ करू लागले. ते सगळे सरळच होते.

"अहो. किती?"

"अर्ध्याच पैशांचे. मंगळवारी, तू दाताच्या डॉक्टरकडे गेलीस ना, तेव्हा. दोनशे चाळीसला." आणि घाईघाईने, "पण आता दोनशे, म्हणजे आणखी स्वस्त झालाय!"

काकूंच्या हातात तापलेली इस्त्री होती. त्यांनी ती खाली ठेवली. नवऱ्याच्या सुदैवाने, स्टँडवर.

"विका. आत्ता. माझ्यासमोर."

काकांनी विकले. त्यांचं पडलेलं तोंड काकूंना बघवेना, आणि बघवत नाही म्हणून जास्तच राग आला. जे उरलं त्यात नवा बॉयलर बसत नव्हता.

"वापरलेला घ्यावा लागेल. जा, मेकॅनिकबरोबर बघून या. स्वस्तात देत असतील तर आधी विचारा, का देताय?"

काका उंबऱ्यापर्यंत गेले नि परत वळले.

"आणि महाग सांगितला तर?"

"तरीही विचारा, का!" म्हणून काकूंनी पुढची बाही ओढली.