पाटीवरचा मो

मी एक जुना घोडा आहे. माझी गोष्ट तुमच्यापैकी एकालाही खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागून कुणी तोंड वाकडं करायला नको. पलीकडच्या ठाणातली घोडी ट्राउडल मी बोलायला लागलो की नाक फुरफुरवते. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

माझं नाव मोरित्झ. मेरानोच्या वरच्या डोंगरात कासियानचं घोड्यांच्या पैदाशीचं शेत आहे, तिथे मी एकोणतीस वर्षं राबलो. मी हाफलिंगर जातीचा. आमची आयाळ सोनेरी असते. माझीही होती, कामात झिजली. कान जरा लांब आहेत. एवढ्या उंचावर हवा विरळ, ऐकू येण्यासाठी वाढवावे लागले. माझ्या खिंकाळण्याचा शेवट गाढवासारखा होतो असं काही जण म्हणतात, ते जळतात.

मित्रांनो, तरुणपणी मी वरच्या देवळाची घंटा एकट्याने पाठीवरून नेली. वाटेत बारा वाजले, तेव्हा थांबून बारा टोलेही दिले. लोकांची जेवणं खोळंबायला नकोत. त्या वर्षी मला पाव भाजण्याच्या भट्टीला लागून असलेलं उबदार ठाण मिळालं आणि दारावर लाकडी पाटी लागली, 'मोरित्झ'.

या वसंतात तेच ठाण माझ्याकडून काढून घेतलं.

कारण काय, तर नवा तरुण घोडा येणार होता. अडीच वर्षांचा, मोठ्या घराण्यातला. त्याच्यासाठी भिंतींना चुना लागला, ताजा पेंढा आला, दारावर फुलं आली. कासियानने पाटी उतरवली, वाचून पाहिली आणि त्याला आनंद झाला. आमच्याकडे घोड्याच्या पोराचं नाव बापाच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून ठेवतात, आणि नव्याचं नाव होतं मोंटान. कासियानने 'मो' तसाच ठेवला आणि पुढचा 'रित्झ', म्हणजे उरलेला मी, खरवडून काढला.

"रंग वाचला," तो म्हणाला.

"आणि मोरित्झ कुठे जाणार?" त्याची बायको नोटबुर्गा म्हणाली.

"गाडीखान्यात. त्याला काय, कुठेही चालतं."

"एकोणतीस वर्षं राबलाय तो."

"म्हणून तर म्हणतो, सवय आहे त्याला."

तुम्हीच सांगा, ही बोलायची रीत झाली? गाडीखान्याला दार नाही. वाऱ्याला मात्र तिथे मोकळी वाट आहे.

पाहुणा यायच्या दिवशी गावचा बँड आला. मोंटानची गाडी ओढ्यापलीकडेच थांबली, कारण आमच्या फळ्यांच्या पुलावर गाडी चढत नाही. त्याला उतरवून पुलापाशी आणलं. शेजारच्या फिगीलने आपल्या भल्यामोठ्या भोंग्यात फुंकर मारली, आणि मोंटान जागच्या जागी खिळला.

"चल बाळा," कासियानने दोर ओढला. सफरचंद दाखवलं. साखर दाखवली. तासभर हेच.

"राजा आणलास म्हणे," फिगील म्हणाला. "हा तर फळीला भितो."

"तू आधी तो भोंगा खाली ठेव."

"आज परत गेला तर तिकडचे मालक पुन्हा देतील का रे?"

कासियानने पुन्हा दोर ओढला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. नोटबुर्गा मात्र गाडीखान्यात आली.

"ऊठ रे म्हाताऱ्या. तुझ्याशिवाय जमायचं नाही."

मी मान फिरवली. तिने खिशातून कडक पोळीचा तुकडा काढला. मी तत्त्वाचा पक्का, दुसरा तुकडा मिळेपर्यंत हललो नाही.

पुलावरून मी मुद्दाम टापा आपटत गेलो. मनात होतं, त्याला चांगलं सुनवावं. पण जवळ गेलो तर पोर डोळे विस्फारून फळ्यांकडे पाहत होतं. अंगाला परक्या तबेल्याचा वास होता. माझा सगळा राग कासियानवर होता, याच्यावर काढायला उरलाच नाही. मी एवढंच म्हणालो, "तिसरी फळी करकरते. तुझ्या जन्माआधीपासून करकरतेय, अजून मोडलेली नाही."

त्याने माझ्या शेपटीला नाक लावलं आणि मागोमाग आला. भट्टीजवळच्या ठाणाशी पुन्हा अडला, मी आत गेल्यावरच आत आला. मला बाहेर काढलं की तोही बाहेर.

"आता गं?" कासियान म्हणाला.

"आता काय, ठाणातली मधली आडवी फळी काढ आणि दोघांना जागा कर. आणि ती पाटी पुरी लिही."

आता पाटीवर एकच 'मो' आहे आणि त्यापुढे दोन नावांची शेपटं. मित्रांनो, नव्याचं स्वागत जरूर करा, बँडही वाजवा. पण त्यासाठी जुन्याचं नाव खरवडू नका. एकोणतीस वर्षं तुमचं ओझं वाहिलेल्याला 'कुठेही चालतं' म्हणू नका. त्याला चालत नाही. त्याला कुणी विचारत नाही, एवढंच.

आणि सगळ्यात संतापाची गोष्ट राहिलीच. मी मोरित्झ, हा मोंटान. अक्षर एक म्हणजे रक्त एक. हा माझा सख्खा नातू आहे, आणि त्याच्याच स्वागताला आजोबांना बोलावणं नाही! आत्ता भर दुपारी माझ्या पाठीवर मान टाकून झोपलाय, पाहा, नाक हुबेहूब माझं...

"मोरित्झ," ट्राउडल पलीकडून बोललीच, "तू खेचर आहेस. खेचराला पोरं होत नाहीत, नातू कुठून येणार? आणि हळू बोल. जागा होईल तुझा नातू."