लसूणपातीचा वाफा

भाड्याच्या नव्या घरात सामान लागण्याआधी कोझुएने ऊन मोजलं होतं. ओमे गावाच्या उतारावरचं घर. दाराशी दिवसभर सावली, न्हाणीच्या खिडकीत कायमची ओल, आणि स्वयंपाकघरामागे मातीची एक अरुंद पट्टी, तिथे मात्र रोज पाच तास ऊन. हे सगळं वहीत टिपून मगच तिने झाडं निवडली. दाराशी आणि न्हाणीत नेचे, कारण त्यांना सावली-ओल चालते. नवऱ्याने ऑफिसातून आणलेली डिफेनबाखियाची कुंडी दुसऱ्याच दिवशी परत गेली. तिची पानं चघळली तर जीभ सुजते. घरमालकाला सांगून अंगणातली विषारी पानांची हायड्रेंजियाही उपटवली.

"झाडं निवडतेस की जावई?" सोस्के म्हणाला.

"तुझा मुलगा भिंतीचा रंगसुद्धा चाटतो," ती म्हणाली. इबुकी चौदा महिन्यांचा होता.

मागच्या पट्टीसाठी सप्टेंबरात शेजारच्या मुरोई आजींनी लसूणपातीचे गड्डे दिले होते. "उन्हात लाव, इबुकीच्या आई. मारायची म्हटली तरी मरत नाही." माती रिकामीच होती. कोझुएने लावले.

मार्चमध्ये देवदारांच्या डोंगरावरून परागांची पिवळी धूळ उतरली आणि दरवर्षीसारखं कोझुएचं नाक चोंदलं. त्याच आठवड्यात वाफ्यातली पात कमी होऊ लागली. कुणीतरी बुडाशी खुडलेली, वर माती बोटांनी नीट दाबलेली. मांजर माती दाबत नाही.

बुधवारी इबुकीला लस टोचवून ती जरा लवकर परतली, तर मुरोई आजी कुंपणाच्या फटीतून पलीकडे जात होत्या. अ‍ॅप्रनचा खिसा फुगलेला, त्यातून हिरवी टोकं डोकावत होती.

"हवा छान आहे नाही आज," आजी म्हणाल्या आणि खिशावर हात ठेवला.

"हो ना," कोझुए म्हणाली.

जेवताना तिने सोस्केजवळ विषय काढला. "दिलेली वस्तू कुणी अशी परत नेतं का?"

"म्हातारं माणूस आहे. नेली असतील चार पानं."

"मग मागावीत. दार आहे की घराला."

तिने ठरवलं, आजींनी नेण्याआधी आपणच कापायची. शनिवारी सकाळी तिने सगळा वाफा कापला. अर्धी पात चिरून अंड्याबरोबर भातात शिजवली. इबुकीला उंच खुर्चीत बसवलं आणि पहिला चमचा फुंकू लागली.

मागचं दार सरकलं. मुरोई आजी बागेतल्या चपलांसकट आत आल्या. इतक्या महिन्यांत त्या उंबऱ्यात चपला सोडायला विसरल्याचं कोझुएने पाहिलं नव्हतं.

"सगळी कापलीस?"

"माझ्याच वाफ्यातली आहे, आजी."

"पोराने खाल्लं का?"

"अजून नाही. का?"

आजींनी वाडग्यावर पंजा ठेवला. मग ओट्यावरच्या उरलेल्या पानांतलं एक चुरगाळून हुंगलं. "ही पात." दुसरं. "ही पण पात." तिसरं त्यांनी कोझुएच्या नाकाशी धरलं. "याला वास येतोय?"

"माझं नाक बंद आहे."

"वास नाहीच. ही नर्गिस आहे."

कोझुएने चमचा खाली ठेवला. तिचा हात आपोआप इबुकीच्या तोंडावर गेला, तो चिडून रडू लागला.

"तुझ्याआधी इथे माझी मैत्रीण राहायची," आजी म्हणाल्या. "तिने त्या पट्टीत नर्गिसचे कांदे लावले होते. उन्हाळ्यात पानं सुकून जातात, माती रिकामी दिसते. मीही विसरले, आता पानं वर आल्यावर आठवलं. पानं दिसायला अगदी पातीसारखी, पण पोटात गेली की मोठं माणूससुद्धा ओकून ओकून आडवं होतं."

"आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"काय सांगणार? तुझ्या पोराच्या तोंडाशी विष लावायला मीच जागा दाखवली, हे? वाटलं, गुपचूप खुडून टाकू. पण कांदे खोल आहेत, पानं परत येतात."

कोझुएने त्यांचा चेहरा न्याहाळला. खरं असावं. पण बुधवारी खिसा झाकतानाही चेहरा हाच होता.

तिने सगळा भात दोन पिशव्यांत बांधून टाकून दिला. दुपारी सोस्केने पट्टी कोपरभर खणली आणि निघालेले कांदे आजी बादलीत घालून घेऊन गेल्या. लसूणपातीसाठी तिने वरच्या गॅलरीची जागा निवडली: उथळ पेटी आणि दुकानातून आणलेली, तिच्या डोळ्यांदेखत फोडलेल्या पिशवीतली माती.

रविवारी आजी पुढच्या दाराने आल्या. हातात रबर लावलेली पातीची जुडी. "माझ्या अंगणातली आहे. धुतलीये."

कोझुएने वाकून आभार मानले. मग तिथेच रबर काढलं, एक पान चुरगाळलं आणि सोस्केच्या नाकाखाली धरलं.

"अगं, त्यांच्यासमोर काय," तो पुटपुटला.

"येतोय का वास?"

"येतोय."

दुसरं पान. तिसरं. सोस्केचे कान लाल झाले. मुरोई आजी मात्र जागच्या हलल्या नाहीत. चपला काढून, हात बांधून त्या एकेक पान पाहत होत्या.

"तळाची राहिली," त्या म्हणाल्या. "तीही बघ."