फुमिएचा पोशाख

तोसे म्हातारीने नव्या सुनेला काय दिलं आणि काय हातचं राखलं, याचा हिशेब आमच्या गल्लीला पाठ आहे. स्वयंपाकघर दिलं, लोणच्याचं पिंप दिलं, मुलगा तर दिलाच. ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणातल्या, नाचाचा पोशाख मात्र दिला नाही. आज्या-पणज्यांच्या रेशमाचे तुकडे जोडून शिवलेला तो पोशाख पहिल्या सुनेचा, फुमिएचा. ती वारून दोन वर्षं झाली.

म्हणून यंदा नवी सून किओमी नाचाला साध्या सुती कपड्यांतच आली, नवऱ्याला आणि सावत्र लेक चिनामीला घेऊन. म्हातारी गुडघ्यांचं निमित्त सांगून घरी राहिली. मी तिघांना माझ्या टोफूच्या दुकानासमोरच्या बाकावर बसवलं. सात वर्षांची चिनामी किओमीला अजून कुठल्याच नावाने हाक मारत नव्हती.

"काय गं, किसलेला बर्फ कुणी घेऊन दिला?" मी मुद्दामच विचारलं.

चिनामीने नुसतं बोट दाखवलं.

"त्या बोटापुढे माणूस आहे, त्याला काही म्हणतात की नाही?"

"राहू द्या, काकू," किओमी कसनुशी हसली.

दिवेलागणीला समोरच्या देवळाच्या अंगणात ढोल सुरू झाला. आमच्याकडे बायका तोंडावर काळं फडकं ओढून नाचतात, डोळ्यांपुरती दोन भोकं. या दिवसांत गेलेली माणसंही रिंगणात असतात, म्हणून नाचणारीला नाव विचारायचं नाही.

थोड्या वेळाने रिंगणात तो पोशाख दिसला. आतल्या बाईचं मनगट ठेक्याच्या किंचित मागून वळत होतं. असं फक्त फुमिए नाचायची.

"आई!" चिनामी उठली.

मला हसू आलं. "अगं, आजी आहे तुझी! पोशाख सुनेला जाऊ नये म्हणून म्हातारीचे गुडघेसुद्धा बरे झाले बघ."

"कुणाचे गुडघे?" मागून आवाज आला. तोसे काठी टेकत, धापा टाकत उभी होती. "पेटी रिकामी आहे. किओमी, पोशाख कुठाय?"

किओमीने रिंगणाकडे पाहिलं. मग तोसेने पाहिलं. किओमीच्या नवऱ्याने हात जोडले.

चिनामी किओमीच्या मुठीतून हात सोडवायला झटापट करू लागली.

"धरून ठेव तिला!" तोसे ओरडली. "घेऊन जाईल ती!"

"आज धरून ठेवली तर जन्मभर तिकडेच बघत राहील, सासूबाई."

किओमीने मुलीचा डावा हात घट्ट धरला आणि रिंगणात शिरली. त्या बाईमागे जाऊन कमरेत वाकली. "ताई, ही फेरी तुमची. मग मला घरी न्यायचंय हिला."

एक हात मागे आला. चिनामीने त्यात आपला उजवा हात दिला. तिघी नाचल्या. किओमीची पावलं सगळी चुकत होती. कुणी हसलं नाही. मीही नाही.

फेरी संपली, पण ती बाई थांबली नाही. चिनामीचा हात धरूनच रिंगण सोडून देवळामागच्या थडग्यांच्या वाटेला लागली. किओमीने मुलीला ओढलं नाही, सोडलंही नाही. तीही चालू लागली.

"मग मीही येते, ताई. एकटीला नाही पाठवायची."

ती बाई उभी राहिली. बराच वेळ. मग तिने हात सोडला आणि दिव्यांच्या पलीकडे दिसेनाशी झाली.

त्या दिवसापासून पोर किओमीला आई म्हणते. शाळेत जाताना तिच्याच हाताला धरून माझ्या दुकानावरून जाते. धरते ती आपल्या डाव्या हाताने. तिचा उजवा मात्र, टोफूचे पैसे देताना माझ्या बोटांना लागतो तेव्हा, भर उन्हातही गार असतो, आणि तो ती कुणाला धरू देत नाही.