ताईच्या मनगटावरचं अत्तर

प्रयोगशाळेत धाकटीला सगळे 'नाक' म्हणत. त्यात अर्धं कौतुक, अर्धा टोमणा. बारा वर्षं तिनं साबणांना आणि फरशी पुसायच्या औषधांना वास दिले. आता कुठे एका नावाजलेल्या फॅशनवाल्या बाईंनी आपल्या पहिल्यावहिल्या परफ्यूमचं काम तिला दिलं होतं. बायकांसाठीच, पण फुलांचा गुच्छ नको. "जिच्यापाशी नुसतं बसून राहावंसं वाटतं, अशी बाई हवी मला बाटलीत," बाई म्हणाल्या. म्हणायला काय जातं!

धाकटीचे स्वतःचे हात दिवसभरात दहा वासांनी माखलेले असत. म्हणून रोज संध्याकाळी ती नवा नमुना घरी आणून थोरल्या बहिणीच्या मनगटावर लावी. ताई घरीच शिवणकाम करायची. एका हातानं इस्त्री फिरवत दुसरा पुढे करायची. "लाव बाई, पण गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग पडला तर बघ!"

सत्तेचाळिसाव्या नमुन्याला धाकटीचे डोळे भरून आले. हाच तो!

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो स्वतःच्या मनगटावर लावला, जरा थांबल्या, हुंगला. "छान आहे. पण यात बाई कुठंय?" धाकटीनं स्वागतकक्षातल्या मुलीच्या हातावर लावून पाहिला. तिथंही तेच, स्वच्छ आणि कुणाचाच नसलेला वास. "सोमवारपर्यंत बघा, नाहीतर मला दुसरीकडे जावं लागेल," असं सांगून बाई उठल्या. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं.

नवशिके निदान चारचौघींच्या हातांवर लावून बघतात. ही पडली मुरलेली, त्यामुळे हिला ताईचा हात म्हणजे कोरा कागदच वाटलेला.

त्या संध्याकाळी ती रिकाम्या हातांनी घरी आली.

"आज काही लावायचं नाही?" ताईनं विचारलं.

"नाही. नुसता हात दे."

वाफाळलेलं सुती कापड, खडूची भुकटी, मशीनच्या तेलाचा पुसटसा अंश, आणि खाली कातडीचा उबदार वास. आई गेल्यावर ज्या कुशीत ती झोपली होती, तिथला. काखेत कळसा नि गावाला वळसा! धाकटीला स्वतःचीच लाज वाटली. हिच्या जिवावर शिकलो, मोठे झालो, आणि हिचा वाससुद्धा आपलीच करामत म्हणून मिरवत होतो.

मग तिनं फुलं जवळजवळ काढूनच टाकली आणि एकेक थेंब मोजत ती सगळी ऊब बाटलीत उतरवली. शनिवारी स्वागतकक्षातल्या मुलीनं मनगट हुंगलं. "का कोण जाणे, घरी जावंसं वाटतंय," ती म्हणाली.

धाकटी धावतच घरी आली. ताईनं बाटली हुंगली, पुन्हा हुंगली. तिचा चेहरा पडला.

"रागावू नकोस हं. मला कसलाच वास येत नाहीये."

आपला वास आपल्याला कधी येत नसतो, हा या धंद्यातला पहिला धडा. धाकटी ताईच्या गळ्यात पडून रडायला लागली. ताईला वाटलं, पोरीची मेहनत पाण्यात गेली.

"रडू नकोस ग. सोमवारी मी येते तुझ्याबरोबर. माझी तर त्या बाईंशी ओळखही नाही, पण सांगेन त्यांना, पोरगी कष्टाळू आहे म्हणून."

"ये, ताई," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "त्या तुला लगेच ओळखतील."