पिवळा दिवा

खल्लार मागे पडलं आणि गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. स्टेअरिंगचं चित्र, शेजारी उद्गारचिन्ह.

पार्वताबाईनं तो गाडी चालवणाऱ्या लेकाच्या, किशोरच्या आधी पाहिला. मागच्या सीटवर चंदा कळा सोसत आडवी झाली होती. पहिलं बाळंतपण, सासरच्यांनी विश्वासानं माहेरी धाडलेली लेक, आणि डॉक्टरीणबाई पार अमरावतीत, राजापेठेत.

"स्टेअरिंग जड येऊन राहिलं," किशोर पुटपुटला. व्हॅन कडेला घेऊन, इंजिन सुरू ठेवूनच त्यानं दर्यापूरच्या वकार मिस्त्रीला फोन लावला.

"पिवळा हाये का लाल?" फोनच्या स्पीकरवरून वकारनं विचारलं.

"पिवळा."

"मंग घाबरू नको. चाकं वळतीन. वळवाले जे मोटर मदत करते, ते थकली. गाडी एकदा बंद करून चालू कर, जाईन दिवा."

किशोरचा हात चावीकडे गेला. पार्वताबाईनं त्याचं मनगट धरलं.

"बंद करू नको."

"काहून?"

काय सांगावं? सोयाबीन हातचं गेलं होतं. उरली होती तूर, आणि तुरीवर रोह्यांचे, नीलगायींचे कळप. कुंपणाच्या तारेत वीज सोडणाऱ्या झटका मशीनची बॅटरी मेली, तेव्हापासून तिचा नवरा खुशालराव अंधार पडला की गाडीचीच बॅटरी काढून वावरात नेत आणि पहाटे गुपचूप आणून बसवत. बापलेकात जुंपू नये म्हणून ती ओठ शिवून बसली होती.

"बॅटरी रातभर झटक्याले होती," ती म्हणाली. "तुह्या बाबानं नेली."

वकारनं ते फोनवर ऐकलं. "मावशी, मंग बॅटरी उतरली, तोच रोग हाये. किशोर, बंद नको करू, पुन्हा चालू नाई होणार. टेप, पंखा, सारं बंद ठेव. पळत्या गाडीत स्टेअरिंगचं चाक हलकं लागते, हळू झाली का जड. जोर लाव फक्त."

"मले सांगतलं असतं त..." किशोरनं दात आवळले.

"भांडा मंग," मागून चंदा कण्हली. "मले आधी पोचवा."

सरळ रस्त्यावर निभलं. पण शहर लागलं, ऑटो आडवे आले, शिकवणीच्या पोरांच्या स्कुट्या आल्या, तसं चाक दगड झालं. राजापेठेतल्या गल्लीच्या वळणावर किशोरचे दंड थरथरू लागले. इंजिन दबलं, विझतंय की काय असं झालं. मागे हॉर्नचा गोंगाट. पार्वताबाई वाकली. जात्याचा खुंटा धरावा तसा तिनं चाकाचा काठ धरला.

"तू लोट, मी ओढतो," ती म्हणाली.

मायलेकाच्या जोरानं चाक वळलं. चाकाआधी तिचा जीव लेकीकडे वळला होता.

दवाखान्याच्या फाटकात नर्सनं चंदाला खुर्चीवर घेतलं. चंदानं आईचा ओला तळवा दाबला. "कळा मले, न् घाम तुले?"

चंदाला आत नेलं, दार लागलं. किशोर मागं येऊन उभा राहिला.

"बाबाले फोन लाव. पोचलो म्हण," ती म्हणाली.

"आन् बॅटरीचं?"

"ते मी बोलतो. बॅटरी आता गाडीतच राहीन. तूर जाईन त जाईन."

एवढं बोलली, पण तिची नजर त्या बंद दारावरून हलत नव्हती.